व्हिडिओतून स्टान्स आणि स्ट्रोक वाचताना: लांबच्या सरळ पॉटचे एक प्रकरण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही उजव्या हाताने खेळता आणि नऊ फुटी पूल टेबलावरचा लांबचा सरळ पॉट (रंगीत बॉल सरळ रेषेत पॉकेटमध्ये पाडणे) चुकला, तर रंगीत बॉल जवळजवळ नेहमी पॉकेटच्या डाव्या जॉला, म्हणजे तोंडाच्या डाव्या कडेला, लागतो. कारण शोधण्यासाठी तुम्ही मोबाइलवर स्वतःचे दोन व्हिडिओ काढले आणि ते स्नूकरपटू रॉनी ओ'सलिव्हनच्या व्हिडिओशेजारी ठेवून पाहिले. तेव्हा पाय, कोपर आणि ग्रिप (क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरणारी मागच्या हाताची पकड) या तिन्हींत इतके फरक दिसले की आधी कशाला हात घालावा हेच कळेनासे झाले. दोन्ही व्हिडिओ मी बऱ्याच वेळा पाहिले. निदानाकडे मी येतोच, पण त्याआधी पाहण्याच्या पद्धतीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी अडचण स्ट्रोकपेक्षा, म्हणजे क्यू चालवण्यापेक्षा, त्या पद्धतीत आहे.

विजेत्या खेळाडूशी तुलना करून स्वतःचा दोष सापडत नाही. सापडतात ते फक्त फरक, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. पूलच्या इतिहासात याचे पुरावे ढिगाने आहेत. किथ मॅकक्रेडी यांचा हात कोपरातून बाजूला फेकल्यासारखा चालत असे आणि तरीही त्यांच्यासमोर पैसे लावून खेळायला लोक कचरत. फिलिपिन्सचे फ्रान्सिस्को बुस्तामांते नेम धरताना टिप, म्हणजे क्यूचे पुढचे टोक, जवळजवळ कापडाला टेकवतात आणि मग लांब, सैल झोक्याने फटका मारतात. त्यांचेच देशबंधू एफ्रेन रेयेस यांनी १९९९ मध्ये कार्डिफला नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराचे जागतिक विजेतेपद मिळवले, पण त्यांचा सैल, लयदार झोका कोणत्याही पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत बसत नाही. उलट बाजूला ॲलिसन फिशर आहेत. स्नूकरमधून १९९५ मध्ये अमेरिकेतल्या पूलकडे वळताना त्यांनी हनुवटी क्यूला लावून, खाली वाकून, शांत थांबून मारण्याची इंग्लिश शिस्त सोबत नेली आणि तिथल्या महिला स्पर्धांवर वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवले. या सगळ्यांचे बाह्य रूप वेगळे आहे. समान आहे ती एकच गोष्ट, की प्रत्येकाचा दहावा फटका त्याच्याच पहिल्या फटक्यासारखा असतो. म्हणून व्हिडिओत शोधायचा फरक हा तुमच्या लागलेल्या आणि चुकलेल्या फटक्यांमधला आहे. रॉनीला तूर्त बाजूला ठेवा. त्यातही ते बारा फुटी टेबलावर ५२.५ मिलिमीटरच्या बॉलने आणि अरुंद टिपने खेळतात, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक सवयीचे कारण तुमच्या टेबलावर लागू पडेलच असे नाही.

आता व्हिडिओला काय दिसते आणि काय दिसत नाही ते पाहू. पांढऱ्या बॉलपासून रंगीत बॉल १.२ मीटरवर आणि तिथून कोपऱ्याचे पॉकेट आणखी १.२ मीटरवर आहे असे धरा. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर आणि पॉकेटचे तोंड साधारण ११५ मिलिमीटर, म्हणजे रंगीत बॉलला प्रत्येक बाजूला जेमतेम २९ मिलिमीटरची सूट मिळते. हिशेब केला तर रंगीत बॉलची दिशा सुमारे १.४ अंशांपेक्षा जास्त चुकून चालत नाही, त्यासाठी स्पर्शाच्या वेळी पांढऱ्या बॉलची जागा सुमारे १.४ मिलिमीटरच्या आत अचूक हवी आणि त्यासाठी पांढऱ्या बॉलची दिशा सुमारे ०.०७ अंशाच्या आत अचूक हवी. ब्रिजपासून (क्यूला टेबलावर टेकू देणाऱ्या पुढच्या हातापासून) टिपपर्यंत २५ सेंटिमीटर क्यू असेल, तर एवढ्या कोनात टिप सुमारे ०.३ मिलिमीटर सरकते. तुमच्या व्हिडिओत दोन मीटर रुंदीचा देखावा १९२० पिक्सेलमध्ये आला आहे, म्हणजे एक पिक्सेल एक मिलिमीटरहून थोडा मोठा आहे. ज्या चुकीने पॉट हुकतो ती चूक एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असेल, तर ती डोळे फाडून पाहिली तरी दिसणार नाही. व्हिडिओत दिसतात त्या सेंटिमीटरभराच्या सवयी, ज्यांच्यामुळे ही सूक्ष्म चूक पुन्हा पुन्हा जन्माला येते. हे ध्यानात ठेवले, तर "फटका तर सरळच दिसतो, मग चुकतो का?" असा प्रश्न पडत नाही.

कॅमेऱ्याची जागा हा दुसरा मोठा सापळा आहे. तुमचा पहिला व्हिडिओ खुर्चीवर, बहुधा पाण्याच्या बाटलीला मोबाइल टेकवून, तिरका काढलेला आहे. अशा तिरक्या कोनातून पूर्ण सरळ चाललेला क्यूसुद्धा वळल्यासारखा दिसतो आणि वाकडा चाललेला कधीकधी सरळ दिसतो. याची किंमत मी स्वतः दुसऱ्याच्या खेळातून मोजलेली आहे. शिकवायला लागलो तेव्हा एका होतकरू मुलाचे कोपर मागून काढलेल्या व्हिडिओत बाहेर गेलेले दिसले, आणि मी तीन महिने ते आत आणायला लावले. त्याचा खेळ बिघडत गेला. पुढे लक्षात आले की माझा स्टँडच शॉटच्या रेषेपासून (पांढरा बॉल ज्या रेषेत मारायचा तिच्यापासून) वीतभर उजवीकडे होता आणि मुलाचे कोपर पहिल्यापासून जागेवर होते. तेव्हापासून मी आधी कॅमेरा तपासतो आणि मग खेळाडू. त्यासाठी सोपी युक्ती आहे. पांढरा बॉल, रंगीत बॉल आणि पॉकेटच्या तोंडाच्या मध्यावर तिसरा बॉल असे एका रेषेत ठेवा, मोबाइल बॉलच्या उंचीला आणून पडद्यावर पाहा. जवळच्या बॉलने मागचे दोन्ही बॉल झाकले, तरच कॅमेरा रेषेवर आहे. नंतर उंची वाढवावी लागली, तर स्टँड जागचा न हलवता फक्त वर न्यावा.

तीन जागा पुरेशा आहेत. पहिली, खेळाडूच्या मागे, शॉटच्या रेषेवर; इथून पाय, खांदा, कोपर आणि ग्रिपचा हात दिसतो. दुसरी, समोर पॉकेटच्या मागे. इथून हनुवटी, डोळे आणि टिप दिसते, मात्र डावे-उजवे उलटे होते हे विसरायचे नाही. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ काही मोबाइल आरशासारखा उलटवून साठवतात, तेव्हा गोंधळ दुप्पट होतो. तिसरी, बरोबर काटकोनात बाजूने, कोपराच्या उंचीवर. तिन्ही ठिकाणी मोबाइल शक्य तितका लांब ठेवून झूम वापरावा, ०.५ची रुंद लेन्स जवळून वापरली, तर कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि त्यात नेमका क्यू येतो.

व्हिडिओचा वेग हा मुद्दाही अनेकांना चकवतो. क्यू सेकंदाला दोन मीटर वेगाने पुढे येत असेल, तर सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मध्ये (इथे फ्रेम म्हणजे व्हिडिओतली, स्नूकरची नव्हे) तो साडेसहा सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो; २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये हे अंतर सुमारे आठ मिलिमीटर होते. टिप आणि बॉल यांचा स्पर्श जेमतेम एक-दोन हजारांश सेकंद टिकतो, त्यामुळे २४० फ्रेममध्येही तो हाती लागत नाही. मिळते ती आधीची आणि नंतरची फ्रेम. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत अध्यापन केलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हा स्पर्श टिपून दाखवला आहे. मोबाइलकडून ती अपेक्षा धरू नये. आपल्याकडे आणखी एक व्यत्यय येतो. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि स्लो मोशनमध्ये टेबल लुकलुकताना दिसते. क्लबमधला कोणता दिवा असे करतो ते आधी दोन सेकंदांच्या व्हिडिओत पाहून घ्यावे. दिलासा एवढाच की स्लो मोशन नसले तरी दोन क्षण नेहमी स्वच्छ मिळतात, कारण त्या वेळी क्यू स्थिर असतो: शेवटच्या मागे ओढण्यापूर्वीचा आणि फटका संपल्यानंतरचा. या दोन स्थिर चित्रांत मला सगळ्यात जास्त माहिती मिळते.

व्हिडिओ पाहण्याचा क्रम मी उलटा ठेवतो. बहुतेक जण टिप बॉलला लागते तिथे थांबून पाहतात, पण तोपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. मी मागे मागे जातो आणि खेळाडू उभा असताना, वाकायच्या आधीच्या क्षणी थांबतो. त्या वेळी त्याचे डोके शॉटच्या रेषेवर आहे का? क्यू त्या रेषेतून खाली उतरतो की बाजूने येऊन रेषेवर बसवला जातो? उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा पाय रेषेवर किंवा तिच्या अगदी लगत पडतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, वाकल्यानंतर पाय पुन्हा हलतो का? खाली गेल्यावर पाय सरकवणे हे शरीराने दिलेले कबुलीपत्र असते: मी चुकीच्या जागी उभा आहे आणि आता धड वळवून ते झाकतो आहे. धड वळले की खांदा वळतो, खांदा वळला की कोपर बाजूला जाते आणि कोपर बाजूला गेले की हात सरळ चालवण्यासाठी मनगटाला मध्ये पडावे लागते. पाहणाऱ्याला दिसते मनगट, आणि सल्लाही मनगटालाच मिळतो.

बाजूच्या व्हिडिओत दोन गोष्टी मोजण्यासारख्या असतात. एक, टिप बॉलजवळ असताना कोपरापासून ग्रिपपर्यंतचा हात जमिनीला काटकोनात आहे का. कोपर स्थिर ठेवून हात लंबकासारखा चालला, तर ग्रिप त्या काटकोनाच्या जागी सर्वांत खाली असते आणि तिथे क्यू बराच सपाट चालतो. ब्रिज हा टेकू असल्यामुळे मागची ग्रिप खाली जाते तेव्हा पुढची टिप वर येते आणि ग्रिप वर जाते तेव्हा टिप खाली उतरते. ग्रिप फार मागे धरली, तर स्पर्शाच्या वेळी हात अजून खाली उतरत असतो, टिप वर चढत असते आणि स्क्रूमध्ये (उलट्या फिरकीच्या फटक्यात) पांढरा बॉल हवा तेवढा परत येत नाही. ग्रिप फार पुढे धरली, तर टिप खाली दाबली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे कोपर पडणे. याबद्दल क्लबमध्ये जितकी भांडणे होतात तितकी ती गोष्ट मोठी नाही. स्पर्शानंतर कोपर खाली आले, तर बॉलला त्याचा पत्ताही नसतो. स्पर्शाआधी पडले, तर ग्रिप खाली, टिप वर, आणि स्टन (पांढरा बॉल जागीच थांबवणारा फटका) मारायला जाऊन फॉलो होतो, म्हणजे पांढरा बॉल पुढे जातो. आधी की नंतर हे ३० फ्रेमच्या व्हिडिओवरून सांगणारा माणूस अंदाज बांधत असतो. १२० किंवा २४० फ्रेममध्ये पांढरा बॉल पहिल्यांदा हललेली फ्रेम शोधून तिच्या आधीच्या चार-पाच फ्रेममध्ये कोपराची जागा पडद्यावर खूण करून तपासावी.

डोळ्यांबद्दल थोडे. क्यू दोन्ही डोळ्यांच्या मध्येच असावा हा नियम नाही. जो डेव्हिस यांनी १९२७ ते १९४६ या काळात १५ जागतिक विजेतेपदे जिंकली आणि उजवा डोळा कमकुवत असल्यामुळे ते क्यू डाव्या डोळ्याखाली ठेवत. तुमची जागा कोणती, ते समोरच्या व्हिडिओतून कळते: लागलेल्या फटक्यांत हनुवटी क्यूच्या संदर्भात जिथे असते, ती तुमची जागा. चुकलेल्या फटक्यांत ती बोटभर सरकलेली असेल, तर रेषा तुम्हाला सरळ वाटते आहे पण तशी नाही.

आता तुमच्या दुसऱ्या, मागून काढलेल्या व्हिडिओकडे येतो. तो रेषेपासून फारसा हललेला नाही, म्हणून त्यावर बोलता येते. त्यात बारा फटके आहेत. सात लागले, पाच चुकले आणि पाचही डावीकडे. लागलेल्या सातांपैकी सहांमध्ये तुमचा उजवा पाय जवळजवळ रेषेवर पडतो आणि वाकल्यावर हलत नाही. चुकलेल्या पाचांपैकी चारांमध्ये तो रेषेच्या डावीकडे साधारण तळहाताएवढा पडतो, तुम्ही वाकता आणि मग टाच थोडी ओढून घेता. पण तेवढ्याने भागत नाही. शरीर रेषेपासून दूरच राहते, क्यूपर्यंत पोहोचण्यासाठी कोपर उजवीकडे बाहेर जाते आणि पुढे येताना ग्रिपचा हात छातीकडे, म्हणजे डावीकडे ओढला जातो. बट, म्हणजे क्यूचा मागचा भाग, डावीकडे गेले की ब्रिजच्या टेकूवर टिप उजवीकडे जाते. फटका संपल्यानंतरच्या स्थिर फ्रेममध्ये तुमची टिप या चारही वेळा रेषेच्या उजवीकडे दिसते. लागलेल्या फटक्यांत ती रेषेवर आहे. पांढरा बॉल किंचित उजवीकडे निघतो, रंगीत बॉलला उजव्या अंगाने लागतो आणि रंगीत बॉल डावीकडे जातो. शिवाय टिप मध्याच्या उजवीकडे लागल्याने न मागितलेली उजवी साइड (बाजूची फिरकी) मिळते आणि ती साइडही रंगीत बॉलला डावीकडेच ढकलते. दोन्ही चुका एकाच बाजूला जमा होतात, म्हणून तुमचे चुकणे इतके एकसुरी आहे.

इथे एक बारकावा सांगायला हवा. टिप उजवीकडे सरकल्यावर पांढरा बॉल क्यूच्या रोखापेक्षा थोडा डावीकडे सुटतो, त्यामुळे चुकीतून काही भाग आपोआप वजा होतो. ब्रिजची लांबी आणि क्यूचा स्वभाव जुळला, तर ही वजाबाकी इतकी चांगली होते की वाकडा स्ट्रोक असलेले लोक वर्षानुवर्षे सरळ पॉट मारत राहतात आणि व्हिडिओ पाहून आपल्यालाच कोडे पडते. तुमचा ब्रिज मात्र तोकडा आहे, त्यामुळे वजाबाकी अर्धवट राहते. ब्रिज चार-पाच सेंटिमीटर वाढवून पाहायला हरकत नाही, पण तो उपाय नव्हे. फार तर दुखण्यावरचा लेप.

पाचवा चुकलेला फटका वेगळा आहे. त्यात पाय, कोपर, टिप सगळे जागेवर दिसते. फक्त शेवटचे मागे ओढणे आधीच्या सरावाच्या झोक्यांपेक्षा घाईचे आहे आणि डोके लवकर उठते. एका फटक्यावरून मी काही म्हणणार नाही. ग्रिप बदलावी असेही तुमच्या व्हिडिओत काही नाही. ती सैल आहे आणि तशीच राहू द्या. कोपराला हात लावू नका, पाय जागेवर पडला की ते आपोआप आत येते, हे तुमच्याच लागलेल्या फटक्यांत दिसते आहे.

करायचे ते एवढेच. टेबलावर शॉटच्या रेषेवर एक दोरा ताणा आणि तो कुशनवरून मागे जमिनीवर आणून तिथे चिकटपट्टीची खूण करा. वाकण्याआधी उजवा पाय त्या खुणेवर ठेवा. वाकल्यावर पाय हलवावासा वाटला, तर हलवू नका. उभे राहा आणि पुन्हा सुरुवात करा. पहिले काही दिवस हे फार चिडचिडीचे वाटते, कारण निम्म्या वेळा उठावे लागते. खुणेशिवाय आणि न उठता वीस फटके खेळता आले की दोरा काढा.

आणि पुढच्या व्हिडिओत पांढऱ्या बॉलऐवजी पट्ट्याचा बॉल वापरा, म्हणजे ९ ते १५ पैकी कोणताही. पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत ठेवून रंगीत बॉलकडे मध्यम वेगाने मारा. साइड नसेल तर पट्टा चाकासारखा स्थिर फिरतो; थोडीशी साइड असेल तरी तो डुलतो, आणि ते डुलणे साध्या व्हिडिओतही स्पष्ट दिसते. एका पिक्सेलच्या आत दडलेली टिपची चूक अशी दोन-तीन सेंटिमीटरच्या डोलण्यात मोठी होऊन समोर येते. इतक्या वर्षांत स्ट्रोक तपासायला याहून चांगले आणि फुकटचे साधन माझ्या पाहण्यात आलेले नाही.

व्हिडिओ पाठवताना एक विनंती आहे. प्रत्येक फटका पांढरा बॉल निघाल्यावर अर्ध्या सेकंदात कापा, म्हणजे पॉट झाला की चुकला हे मला कळणार नाही, आणि निकालांची यादी तुमच्याजवळ ठेवा. मी फक्त पाय, कोपर आणि टिपची शेवटची जागा पाहून कोणता लागला असेल आणि कोणता चुकला असेल ते लिहून पाठवतो. माझे अंदाज नाणे उडवून सांगितल्याइतकेच खरे ठरले, तर वर लिहिलेले निदान चूक आहे असे समजा आणि पुन्हा मागच्या तसेच समोरच्या जागेवरून प्रत्येकी वीस फटके काढून पाठवा. तेव्हा मी आधी तुमची हनुवटी पाहीन.